आधी मोजणी, मग उपचार

मज्जातंतूचा वेग मोजण्यासाठी रुग्णाचा हात तपासणीच्या टेबलावर सैल सोडलेला आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोडच्या चकत्या चिकटवल्या आहेत. तंत्रज्ञ मनगटावर उपकरणाची दोन टोके टेकवून बटण दाबतो आणि रुग्णाने न हलवताही अंगठा उडतो. मग तोच विजेचा ठोका कोपराशी दिला जातो. दोन्ही ठिकाणांहून संदेश स्नायूपर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळांतील फरक काढून त्याने मधल्या अंतराला भागले, की मज्जातंतूचा वेग मिळतो. निरोगी प्रौढाच्या हातात तो साधारणपणे सेकंदाला 50 मीटर किंवा त्याहून अधिक असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूचा वेग याच युक्तीने मोजला होता.

वेग मंदावला असेल तर संशय तंतूवरील मायलिनच्या आवरणावर जातो. वेग ठीक असून स्नायूच्या प्रतिसादाच्या विद्युत् तरंगाची उंची घटली असेल तर तंतूच नष्ट होत असावेत. मात्र हात गार असला तर निरोगी मज्जातंतूही मंद वाटतो, कारण तापमान एका अंशाने उतरले की वेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने कमी होतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी हात गरम करून घेतो. स्नायूत सुई घालून त्यातील विजेची नोंद घेणाऱ्या ईएमजी तपासणीतही घाई नडते: तंतू तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन ते तीन आठवडे जावे लागतात, आणि त्याआधी आलेला निर्दोष अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो.

मज्जासंस्थेला ठोका देऊन तिचे उत्तर वाचण्याच्या या पद्धतीतूनच एक मोठा उपचार पुढे आला. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे मेंदूचे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद कंपाच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत असत. मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस या केंद्रातील ठरावीक बिंदू जाळण्यापूर्वी, जागा बरोबर आहे ना हे पडताळण्यासाठी, ते तेथे वीज देऊन पाहत. वारंवारता 100 हर्ट्झच्या आसपास नेली की वीज चालू असेपर्यंत कंप थांबतो, असे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा बिंदू जाळण्याऐवजी इलेक्ट्रोड तेथेच ठेवून वीज सतत का देऊ नये, या विचाराने 1987 मध्ये डीप ब्रेन स्टिम्युलेशनच्या, म्हणजे मेंदूच्या खोल भागाला वीज देण्याच्या उपचाराच्या, आधुनिक वापराला सुरुवात झाली.

कंपवातासाठी ही शस्त्रक्रिया आजही अनेक ठिकाणी रुग्णाला जागे ठेवून केली जाते. केसाहून बारीक टोकाचा इलेक्ट्रोड मेंदूत हळूहळू खाली सरकतो, आणि पेशींची विद्युत् खळबळ स्पीकरवरून खरखरीच्या रूपात ऐकू येते. थॅलॅमसखालच्या सबथॅलॅमिक केंद्रात, म्हणजे अपेक्षित जागी, शिरताच ती दाट आणि उच्छृंखल होते. त्यानंतर चाचणीची वीज वाढवत नेत रुग्णाला हात उचलायला, बोटे जुळवायला, बोलायला सांगतात. मनगटाचा ताठरपणा सैलावला तर जागा योग्य आहे. जीभ अडखळू लागली किंवा तोंडाचा कोपरा ओढला गेला तर वीज शेजारच्या तंतूंत पसरते आहे. पुढे छातीवर, हासळीच्या हाडाखाली बसवलेला संच साधारणपणे 130 हर्ट्झने, 60 मायक्रोसेकंदांचे ठोके देत राहतो.

या उपचाराने रोग बरा होत नाही, पेशींचा ऱ्हासही थांबत नाही, हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच स्वच्छ सांगायला हवे. लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाने जी लक्षणे कमी होतात, तीच बहुधा विजेनेही कमी होतात. कंप मात्र औषधाला दाद देत नसला तरी विजेने आटोक्यात येऊ शकतो. तोल जाणे आणि विस्मरण यांवर तिचा फारसा उपयोग नाही.

अपस्मारासाठी मानेतील व्हेगस मज्जातंतूला ठोके देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. ते प्रामुख्याने ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने चालते. अमेरिकेतच 2013 मध्ये मान्यता मिळालेला, कवटीत बसवला जाणारा संच मात्र मेंदूतील तरंगांची नोंद सतत घेतो आणि झटक्याची चाहूल देणारा आकृतिबंध दिसला तरच वीज सोडतो. त्याच्या साठवलेल्या नोंदी डॉक्टर वेळोवेळी तपासतात, आणि कोणता तरंग धोक्याचा मानायचा व त्यावर किती वीज द्यायची, हे प्रत्येक रुग्णासाठी नव्याने बसवत जातात.