कोठीच्या किल्ल्या

श्रोतेहो, नमस्कार.

पॅलेस्टाईनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "त्यांना कारभार दिला होता, त्यांनी काय दिवे लावले?" आणि दुसरं, "त्यांच्या हातात होतंच काय?" दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात. पण हातात नेमकं काय दिलं होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. आज तेवढंच पाहू.

१३ सप्टेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी करार करून हात मिळवले. पुढच्या वर्षी पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे पॅलेस्टिनींचं मर्यादित अधिकारांचं सरकार, उभं राहिलं. व्यवस्था हंगामी, पाच वर्षांची. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, ज्यू वसाहती हे अवघड प्रश्न मागाहून सोडवायचे ठरले, आणि ते तसेच राहिले. १९९५ च्या करारात वेस्ट बँकेचे, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या कब्जात असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशाचे, तीन भाग पडले. 'अ' भागात रामल्ला, नाब्लुस, जेनिन अशी शहरं. तिथे कारभारही पॅलेस्टिनींचा आणि पोलीसही त्यांचेच. 'ब' भागात कारभार त्यांचा, पण सुरक्षेवर अंतिम हुकूमत इस्रायलची. उरलेला 'क' भाग, म्हणजे सुमारे साठ टक्के जमीन, इस्रायलच्या ताब्यात. 'अ' आणि 'ब' हे त्या 'क'मध्ये विखुरलेले तुकडे. नाब्लुसहून रामल्लाला निघालेल्या माणसाला आपल्या सरकारच्या हद्दीतून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं.

पण खरी गंमत पैशाची आहे. १९९४ च्या पॅरिसमधल्या आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी भागात जाणाऱ्या आयात मालावरचे कर इस्रायल वसूल करतो, तीन टक्के हमाली कापून घेतो आणि उरलेली रक्कम त्याने दरमहा प्राधिकरणाकडे पाठवायची असते. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा हाच. संसार सुनेने करायचा आणि कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला! २००६ मध्ये हमास ही सशस्त्र इस्लामी संघटना निवडून आली तेव्हा हे पैसे अडले. २०१५ मध्ये प्राधिकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सामील व्हायला निघालं, पुन्हा अडले. २०१९ पासून ठरावीक रक्कम कापली जाऊ लागली. पैसे अडले की शिक्षकाचा, नर्सचा पगार अर्ध्यावर येतो.

या कपातीमागे इस्रायलचा एक आक्षेप आहे. तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मारल्या गेलेल्या हल्लेखोरांच्या कुटुंबांना प्राधिकरण भत्ता देत असे; शिक्षा लांब तर भत्ताही मोठा. इस्रायली माणूस विचारतो, माझ्या शेजाऱ्याला मारणाऱ्याच्या घरी हा पैसा आम्ही का पोचवावा? हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. २०२५ मध्ये ही पद्धत बदलण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांनी काढला, फार उशिरा.

आता जे पॅलेस्टिनी नेत्यांच्या स्वतःच्या हातात होतं, त्याकडे वळू. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले. वर्षभराने हमासने संसदेच्या १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या आणि जून २००७ मध्ये अब्बास यांच्या फतह पक्षाला बंदुकीच्या जोरावर गाझातून, म्हणजे पॅलेस्टिनींच्या समुद्रकाठच्या पट्टीतून, हुसकावलं. त्यानंतरची सगळी वर्षं राष्ट्रीय निवडणुकीविना गेली. २००६ साली मतदानाला एक वर्ष कमी पडलेला पोरगा बाप झाला, दाढी पिकायला लागली, तरी खुर्ची तीच. २०२१ च्या मे महिन्याची तारीख ठरली होती, ती एप्रिलमध्ये रद्द झाली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची इस्रायल हमी देत नाही, हे कारण. कारण खरं होतं, आणि सोयीचंही. कारण फतहमध्येच फूट पडली होती.

त्याहून मला खटकतं ते २०१७ चं प्रकरण. हमासला नमवण्यासाठी अब्बास यांच्या सरकारने गाझाच्या विजेचे पैसे कमी केले आणि इस्रायलने त्याप्रमाणे पुरवठा घटवला. गाझात वीज दिवसाला चारेक तासांवर आली. ही कात्री लावा म्हणून सांगणारे रामल्लाचेच, म्हणजे प्राधिकरणाचेच होते.

हमासबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला तिने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली. बहुतेक साधे नागरिक. तो निर्णय हमासचा, त्याचं पाप कब्जाच्या खात्यावर टाकता येणार नाही. तसंच त्यानंतर गाझात जी हजारो मुलं मेली, त्यांच्यावरचे बाँब इस्रायली सरकारच्या हुकमाने पडले. ते हमासच्या खात्यावर लिहून हात झटकता येत नाहीत. शिवाय २०१८ पासून कतारची रोकड इस्रायलच्याच परवानगीने हमासच्या गाझात जात होती, आणि २०१९ मध्ये रामल्लाच्या कराला कात्री लागली. गाझा आणि रामल्ला यांच्यातली फूट टिकवण्यात कोणाचा फायदा होता, ते श्रोत्यांनीच पाहावं.

आता सगळीकडून मागणी होते, प्राधिकरणाने आधी सुधारावं, मग गाझा त्याच्या हाती देऊ. सुधारायला हवंच, निवडणूक तर कधीच व्हायला हवी होती. पण समजा ती झाली, नवे चेहरे आले, कारभार स्वच्छ झाला. पहिल्या महिन्याच्या पगाराचे पैसे कोण सोडणार?