उआशाक्तुन : जमिनीखालची खापरं

मंडळी, ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात, तिकालच्या उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर उआशाक्तुन आहे; दोन्ही प्राचीन माया संस्कृतीची, आता अवशेषरूपात उरलेली नगरं. तिकालची उंच देवळं बघून लोक परततात, इथवर थोडेच येतात. याची मला खरंच हळहळ वाटते, कारण माया इमारतींचा क्रम कसा लावायचा, हे अभ्यासक मुख्यत्वे इथे शिकले.

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९२६ ते १९३७ या काळात इथे उत्खनन केलं. शिलास्तंभांवरच्या तारखा तेव्हा वाचता येत होत्या; इथल्या एका स्तंभावर इ. स. ३२८ कोरलेलं आहे. पण त्याआधीच्या बांधकामांचं काय?

माया गवंडी जुनी वास्तू सहसा मुळापासून उखडत नसत. वरचा भाग उतरवायचा, खोल्यांत दगडमाती भरायची, त्यावर नवं जोतं बांधून चुन्याची जमीन घोटायची. भर आणायची ती आसपासच्या उकिरड्यातूनही, म्हणजे फुटक्या भांड्यांसकट. चुन्याची ती जमीन अखंड असेल, तर नंतरचं खापर तिच्याखाली शिरूच शकत नाही. जुनी खापरं मात्र भरीत हमखास सापडतात. म्हणून ढिगातल्या सर्वांत अलीकडच्या तुकड्यावर नजर ठेवायची. वरची जमीन त्याच्या आधीची असूच शकत नाही.

पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी या खापरांचे चार टप्पे लावले : मामोम, चिकानेल, त्साकोल, तेपेउ. ख्रिस्तपूर्व काही शतकांपासून इ. स. ९०० च्या आसपासपर्यंतचा हा पल्ला. चिकानेलचा तुकडा हातात घेतला की बोटांना मेणचट लागतो, रंग बहुतेक एकच, लाल किंवा काळा. त्साकोलची वाडगी चकचकीत, नारिंगी अंगावर लाल-काळी नक्षी आणि बुडाजवळ बाहेर आलेला कंगोरा. तेपेउच्या उभट पेल्यांवर राजदरबाराची चित्रं आणि काठाखाली लेखाची ओळ. हे सगळं कुंभाराच्या चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडवलेलं! ती सफाई बघून मी दर वेळी थक्क होतो.

ए-५ ही इमारत बघा. सुरुवातीला एका चौथऱ्यावर तीन देवळं होती. मग शतकानुशतकं खोल्या वाढत गेल्या आणि अखेरीस देवळांच्या जागी खोल्याखोल्यांचा वाडा उभा राहिला. माया वास्तूंच्या अभ्यासक आणि चित्रकार तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी ही वाढ टप्प्याटप्प्याने चित्रांत मांडली. पूजेच्या जागेत राहता वाडा का आला, यावर मतं अनेक असतील. मला स्वतःला त्यात सत्ताधारी घराण्यांचा वाढता पसारा दिसतो.

इथला ई-गट म्हणजे सूर्योदयाची जागा टिपता येईल अशा बेताने मांडलेला इमारतींचा समूह; त्यातून दिसणाऱ्या सूर्योदयाची चर्चा बरीच होते. माझं मन मात्र त्यातल्या ई-७ या पिरॅमिडच्या पोटात अडकतं. वरचा ढासळलेला पिरॅमिड काढल्यावर आत दुसरा निघाला, गिलाव्यात घडवलेल्या भल्यामोठ्या मुखवट्यांसह. नंतरच्या बांधकामाने तो झाकला गेला, म्हणूनच त्याचा गिलावा टिकला. आज तो उघड्यावर आहे आणि पेतेनचा पाऊस थेट त्याच्यावर पडतो.