संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?

समाजशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा विषय त्यांच्याकडे तयार असतो. घरकामगार स्त्रिया, स्थलांतर, तरुण पिढी आणि समाजमाध्यमं. तळमळ खरी असते, आणि ती हवीच. तिच्यावाचून इतकी वर्षं कोणी टिकत नाही. पण ‘तुमचा प्रश्न काय?’ असं विचारलं, की बहुतेक जण विषयच पुन्हा सांगतात.

घरकामगारांचंच घ्या. ‘घरकामगार स्त्रियांच्या समस्यांचा अभ्यास’ असं शीर्षक दिलंत, तर हाती काय लागणार हे आजच सांगता येईल: पगार कमी, सुट्टी नाही, मान नाही. हे सगळं खरं आहे, पण ते कळायला प्रबंध कशाला हवा? आता समजा, एकाच घरी दहा वर्षं काम करणारी बाई पगारवाढ मागायला कचरते आणि तिचीच शेजारीण, जी सारखी घरं बदलते, ती बिनधास्त मागते. असं का होत असेल? जुनी आपुलकी मागणीच्या आड येते, की हे काम सुटलं तर दुसरं मिळेल याची खात्री नसते? दोन शक्यता समोर ठेवल्या, की कोणाशी बोलायचं आणि काय बघायचं हे ठरू लागतं. शिवाय आपली आवडती शक्यता चुकीची निघू शकते. ती निघायला जिथे वाव नाही, त्याला मी संशोधन म्हणणार नाही.

असे प्रश्न बरेचदा वस्तीत वावरतानाच सुचतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट 1930च्या दशकात बोस्टनच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीत राहायला गेला. तिथल्या तरुणांच्या एका टोळक्यात तो मिसळला, त्यांच्याबरोबर बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचा खेळ, खेळू लागला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की खेळातले गुण आणि टोळक्यातलं स्थान यांचा मेळ बसतोय. खालच्या स्थानावरचा एखादा एरवी छान खेळायचा, पण सगळे जमले आणि चुरस लागली की त्याचा खेळ ढासळायचा. बाकीचे त्याला टोमणे मारून नामोहरम करायचे. कोणत्या प्रश्नावलीत बोलिंगचा रकाना असतो? याच कामावर पुढे त्याला शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि 1943 साली ते पुस्तकरूपात आलं.

म्हणून मुलाखत घ्याल तेव्हा उत्तराइतकंच उत्तर देणाऱ्याकडे लक्ष ठेवा. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ या प्रश्नाला बाई म्हणते, ‘दोघं मिळून.’ पण बोलण्याआधी तिने नवऱ्याकडे पाहिलेलं असतं, आणि तो मान हलवेपर्यंत ती थांबलेली असते. रेकॉर्डिंगमध्ये उरतात फक्त दोन शब्द. ते पाहणं त्याच रात्री वहीत उतरलं नाही, तर आठवड्याने तुमच्यापाशीही तेवढेच दोन शब्द उरतील. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. काम कंटाळवाणं आहे, तरी निदान सुरुवातीच्या मुलाखती स्वतःच उतरवा. कोण कुठे अडखळलं, कोणी विषय कुठे बदलला, हे ऐकता ऐकताच कळतं, आणि पुढच्या मुलाखतीत काय विचारायचं तेही.

पूर्वसंशोधनाचं वाचन यासोबत चालूच राहतं. आधी सगळं वाचून संपवू आणि मग क्षेत्रकार्याला जाऊ, असं ठरवलंत तर जाणं होत नाही, एवढंच सांगतो.

मार्गदर्शकाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नाव मोठं आहे म्हणून कोणाकडे जाऊ नका. त्यांच्या हाताखाली सध्या काम करणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि विचारा: दिलेलं प्रकरण वाचून परत कधी मिळतं? शेरे नुसते भाषेवर असतात, की युक्तिवादावरही? आणि मार्गदर्शकांच्या मताविरुद्ध जाणारी माहिती हाती आली, तेव्हा ती त्यांच्यासमोर ठेवता आली का? तिसऱ्या प्रश्नावर ते घुटमळले, तर दुसरा मार्गदर्शक शोधा.