ब्रेक्झिट झालं, पण पस्तावलं नक्की कोण?

24 जून 2016, मध्यरात्र उलटून गेलीये. इंग्लंडच्या उत्तरेला संडरलंड म्हणून शहर आहे, तिथल्या मोजणी केंद्रावर पोरंपोरी मतपेट्या घेऊन अक्षरशः पळतायत. संडरलंडला मोजणीत पहिलं यायची जुनी हौस आहे, दर निवडणुकीला ते हेच करतात, पण आज सगळ्या देशाचं लक्ष त्यांच्याकडे आहे कारण प्रश्नच तसा आहे, ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये (ईयू) राहायचं की बाहेर पडायचं, म्हणजे ब्रेक्झिट. आणि निकाल लागतो, 61 टक्के लोक म्हणतायत बाहेर. इकडे आकडा जाहीर झाला आणि तिकडे पाउंड धाडकन खाली. हे तेच संडरलंड जिथं निसानचा एवढा मोठा कारखाना आहे आणि तिथल्या गाड्या युरोपात विकल्या जातात.

सकाळपर्यंत पाउंड 1985 नंतरच्या तळाला पोचला होता आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून घराबाहेर येऊन राजीनामा जाहीर करत होते. रेफरेंडम, म्हणजे सार्वमत, त्यांनीच घेतलेलं, आपल्या पक्षातली कटकट एकदाची मिटावी म्हणून. आपल्याकडे म्हणतात ना हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

बाहेर पडा म्हणणारे 1 कोटी 74 लाख, राहा म्हणणारे 1 कोटी 61 लाख, म्हणजे साधारण पावणेतेरा लाखांचा फरक. टक्केवारीत 52 आणि 48. एवढ्याशा फरकावर चाळीस वर्षांचा संसार मोडला. आणि तोही सगळीकडे सारखा नाही हां, स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोक राहा म्हणत होते, लंडन 60 टक्के राहा, नॉर्दर्न आयर्लंड पण राहा, आणि इंग्लंडमधल्या बॉस्टन नावाच्या गावात 75 टक्क्यांहून जास्त लोक चला बाहेर. एकाच घरात आईबाप एका बाजूला आणि पोरं दुसऱ्या बाजूला, असं कितीतरी ठिकाणी झालं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय त्यावर येतो. ह्या लोकांना नंतर पश्चात्ताप झाला का?

पहिल्या दोन दिवसांत तर वाटलं की झालाच. बीबीसीवर मँचेस्टरचा एक जण सांगत होता की मी लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं पण माझ्या मतानं काही फरक पडेल असं वाटलंच नव्हतं, मला वाटलं आपण राहणारच आहोत. रेफरेंडम परत घ्या अशा ऑनलाइन अर्जावर 41 लाखांहून जास्त सह्या पडल्या, अगदी वरातीमागून घोडं. ब्रिटिशांनी ह्यासाठी शब्दसुद्धा तयार केला, ब्रेग्रेट, म्हणजे ब्रेक्झिट अधिक रिग्रेट. मग ती गुगलची बातमी आली, मतदान संपल्यावर लोक सर्च करतायत की ईयू म्हणजे काय, आणि सगळं जग हसलं, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर पण फिरलं ते. पण सर्च करणारे नक्की किती होते आणि त्यातल्या किती जणांनी मत दिलं होतं हे विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही. हसायला मिळालं ना, बास.

तर बातम्या सोडा, आकडे बघू. यूगव्ह नावाची सर्व्हे कंपनी 2016 पासून एकच प्रश्न विचारत आलीये, मागे वळून बघता बाहेर पडायचा निर्णय बरोबर होता की चूक? सुरुवातीला बरोबरवाले थोडे पुढे होते. 2017 च्या मध्यापासून चूकवाले पुढे सरकले आणि मग फरक वाढतच गेला. जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे बाहेर पडल्याला पाच वर्षं झाली तेव्हा, 55 टक्के म्हणाले चूक आणि 30 टक्के म्हणाले बरोबर. संपला विषय, ब्रिटन पस्तावलं, असं म्हणून मोकळं व्हायचं ना?

थांबा, खरी गंमत पुढं आहे.

त्याच सर्व्हेत ज्यांनी स्वतः लीव्हला मत दिलं होतं त्यांनाच वेगळं काढून बघितलं तर चूक झाली म्हणणारे शंभरात फक्त 18. दोनतृतीयांश लोक आजही सांगतात की आम्ही केलं ते बरोबरच केलं. मग देशाचं मत एवढं फिरलं कसं? सर जॉन कर्टिस म्हणून प्राध्यापक आहेत, ब्रिटनमध्ये निवडणूक आली की टीव्हीवर हेच दिसतात, ते हे हिशोब बरीच वर्षं मांडतायत. 2016 ला नाव यादीत असून मत द्यायला न गेलेले जवळजवळ 1 कोटी 29 लाख लोक होते, त्यांना आता विचारलं तर ते जास्त करून चूकच म्हणतात. त्यात 2016 ला लीव्हला मतं पडली ती जास्त वयस्कर लोकांची, 65 च्या वरचे साधारण 60 टक्के लीव्ह, आणि मधल्या वर्षांत त्यातले बरेच जण आता राहिलेच नाहीत. आणि तेव्हा जी शाळेत होती ती पोरं आता मतदार झालीत, 18 ते 24 मधले 75 टक्के सांगतात चूक, बरोबर म्हणणारे जेमतेम 10.

म्हणजे निर्णय ज्यांनी घेतला त्यातले बरेच आपल्या जागेवर आहेत, आणि जास्त करून पस्तावतायत ते ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं किंवा जे त्या दिवशी घरी बसले. आता ह्याला पश्चात्ताप म्हणायचं का मला माहीत नाही. मत न देणाऱ्यानं पस्तावणं म्हणजे लग्नाला न गेलेल्यानं जेवण बिघडलं म्हणून तक्रार करण्यासारखं आहे, पण तक्रार खरी आहे कारण भांडी त्यालाच घासावी लागतायत.

बरं, लीव्हवाले तरी खूश आहेत का? तर तसंही नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की ब्रेक्झिट चांगलंच होतं हो, राबवणाऱ्यांनी वाट लावली. दोष कोणाचा विचारलं की बोट ब्रेक्झिट राबवणारे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि त्यांच्या कंझर्व्हेटिव्ह पक्षाकडे. स्थळ चांगलंच होतं, मधला माणूस वाईट निघाला. आणि ह्यात सगळ्यात वरचढ नायजेल फराज. ह्या माणसानं आयुष्याची वीसपंचवीस वर्षं युरोपातून बाहेर पडण्यासाठी घातली आणि मे 2023 मध्ये बीबीसीवर बसून स्वतःच सांगितलं की ब्रेक्झिट फेल गेलं. का, तर आपले राजकारणी ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या, साहेबांइतकेच निकामी निघाले. म्हणजे फेल गेलं, पण माझं चुकलं नाही. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतं पडली आणि फराज पहिल्यांदा ब्रिटनच्या संसदेत पोचले. निर्णय चुकला म्हणणाऱ्या देशात तो निर्णय मागणारा माणूस वर चढतो, हे कोडं पश्चात्तापाच्या चष्म्यातून बघितलं तर सुटतच नाही.

तरी काही लोक खरंच पोळलेत, आणि त्यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते करी हाऊसवाल्यांचं. ब्रिटनमध्ये ज्याला इंडियन रेस्टॉरंट म्हणतात ती बहुतेक चालवतात बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेले लोक. त्यांची अडचण एकच, स्वयंपाकी मिळत नाही. घरची पोरं शिकली, अकाउंटंट झाली, तंदूरसमोर कोण उभं राहणार? सिल्हेटहून माणूस आणायचा तर व्हिसाला पगाराची मोठी अट, आणि तिकडे रुमानियाचा पोरगा ब्रेक्झिटच्या आधी युरोपियन असल्यामुळे उद्या सकाळी येऊ शकत होता, पण त्याला फोडणी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. 2016 च्या मे महिन्यात लीव्हच्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल यांनी बरोबर ह्या दुखण्यावर बोट ठेवलं, सेव्ह अवर करी हाऊसेस अशी मोहीमच काढली, की युरोपातून बाहेर पडलो की सगळ्यांना सारखा नियम आणि तुमचे शेफ आणायची वाट मोकळी. बांगलादेशी केटरर्सची संघटना लीव्हच्या बाजूनं उभी राहिली. पुढं ह्याच प्रीती पटेल गृहमंत्री झाल्या, व्हिसाचे नियम त्यांच्याच हातात. नियम सुरुवातीला थोडे सैल झाले पण सिल्हेटचे शेफ काही विमानं भरून आले नाहीत, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये तर स्किल्ड वर्कर व्हिसाला वर्षाला 38,700 पाउंड पगाराची अट आली. गल्लीतल्या करी हाऊसच्या स्वयंपाक्याला एवढा पगार कोण देणार? रुमानियाचा पोरगाही गेला आणि सिल्हेटचा माणूसही आला नाही, तेल पण गेलं तूप पण गेलं.

मच्छीमारांचंही तसंच. मतदानाच्या आठवडाभर आधी फराज यांच्यासोबत होड्या घेऊन थेम्स नदीतून थेट संसदेसमोर गेलेले हे लोक, आपला समुद्र आपल्याला परत पाहिजे म्हणून. जानेवारी 2021 मध्ये नियम बदलले आणि मासा युरोपात पाठवायला प्रत्येक खेपेला आरोग्याचं सर्टिफिकेट आणि कागदांची चळत लागायला लागली. ताज्या माशाला कागद पूर्ण होईपर्यंत थांबता येतं का हो, आपल्या हर्णै बंदरावरच्या कुठल्याही मावशीला विचारा. त्याच महिन्यात मासे निर्यात करणाऱ्यांनी ट्रक आणून पंतप्रधानांच्या घराजवळ उभे केले. शिंपल्यांचं तर आणखी वाईट, अगदी स्वच्छ समजल्या जाणाऱ्या पाण्यातल्या सोडून बाकीच्या जिवंत शिंपल्या आधी शुद्ध केल्याशिवाय युरोप घेईना, कारण आता ब्रिटन बाहेरचा देश.

लीव्हच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेलं की आठवड्याला 35 कोटी पाउंड युरोपला जातात ते आपल्या सरकारी दवाखान्यांना देऊ, तो आकडाच फसवा होता, थॅचरबाईंनी मिळवलेली सूट त्यात वजा केलेली नव्हती. त्यावर इतकं बोलून झालंय की मी जास्त थांबत नाही.

इमिग्रेशनवर मात्र थांबायला पाहिजे, कारण तिथं आपण येतो. मतदानाच्या महिनाभर आधी निव्वळ स्थलांतराचा आकडा आला होता 3 लाख 33 हजार आणि त्यावर केवढा गदारोळ. ब्रेक्झिटनंतर जून 2023 पर्यंतच्या वर्षात तोच आकडा गेला 9 लाखांच्या पुढे. पोलंड रुमानियाचे लोक कमी झाले आणि त्यांच्या जागी भारत, नायजेरिया अशा देशांतले विद्यार्थी, नर्स, केअर वर्कर आले. बाहेरचे नकोत म्हणून ज्यानं मत दिलं असेल त्याला मिळालं काय, तर वेगळे बाहेरचे. हे पंढरपूरला निघून कोल्हापूरला उतरल्यासारखं झालं.

आणि मत द्यायचा हक्क कोणाला होता ते तर बघा. ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणारे कॉमनवेल्थ देशांचे नागरिक. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. म्हणजे पुण्याहून दोन वर्षांसाठी ऑनसाइट गेलेला आयटीवाला, हातात भारताचा पासपोर्ट, नाव यादीत घातलेलं असेल तर तो ब्रिटननं युरोपात राहावं की नाही हे ठरवू शकत होता. आणि वीस वर्षं तिथं टॅक्स भरणारा पोलंडचा प्लंबर नाही ठरवू शकत.

स्विंडन शहरात ह्याचं टोक दिसतं. तिथं गोंयकारांची मोठी वस्ती आहे. 1961 पर्यंत गोवा पोर्तुगालकडे होता, त्यामुळे तेव्हा जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, आणि तो पासपोर्ट म्हणजे युरोपचं दार, ब्रेक्झिटच्या आधी मडगाव म्हापशाहून निघालेला माणूस लिस्बनच्या कागदावर थेट स्विंडनच्या गोदामात कामाला. हे लोक कायद्यानं पोर्तुगीज, म्हणून मत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये भारतीय पासपोर्टवाला मराठी माणूस, त्याला मत आहे. आणि स्विंडन शहरानं जवळजवळ 55 टक्क्यांनी बाहेर पडायला कौल दिला. मग ह्या गोंयकारांनी सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यासाठी, अर्ज करा, 30 जून 2021 ची मुदत पाळा. त्यांच्या ज्या भावाबहिणींनी त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट काढला त्यांना ब्रिटनचं ते दार बंदच.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, 16 जानेवारी 1967 ला गोव्यातही असंच झालं होतं. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानांवर शिक्का म्हणजे केंद्रशासित राहायचं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. आणि दोनच महिन्यांनी विधानसभेला त्याच गोव्यानं विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांना परत निवडून दिलं. आता ह्यातून कोण काय पस्तावलं ते काढा.

शेवटी एक जुना फोटो दाखवतो. साल 1975. ब्रिटननं युरोपवर पहिलं रेफरेंडम घेतलं ते तेव्हा, 5 जूनला, राहायचं की जायचं, आणि 67 टक्के लोक राहा म्हणाले. 2016 ला ज्यांचं वय 65 च्या वर होतं ते तेव्हा चोविशीच्या पुढचे, म्हणजे त्यांना तेव्हाही मत होतंच, आणि त्यातल्याच कितीतरी जणांनी म्हातारपणी उलटा शिक्का मारला. त्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आम्ही बाजाराला हो म्हणालो होतो, युनियनला नाही. ह्या फोटोत मधोमध उभ्या असलेल्या बाई मार्गारेट थॅचर आहेत, कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्या तेव्हाच्या नव्या नेत्या, राहायच्या बाजूनं प्रचार करतायत. अंगातलं स्वेटर बघा, नऊ युरोपियन देशांचे झेंडे विणलेत त्यावर.