वाटल्यानं विरणारी यादी

(पडद्यावर: एक साधी टेक्स्ट फाइल. ओळी वर सरकत राहतात.)

फाइल उघडली की दिसतात ते नुसते पत्ते. एका ओळीत एक वेबसाइट, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. हजारो ओळी, कधी लाखो. ना रकाने, ना मथळा. या धंद्यात हिला साइट लिस्ट म्हणतात. हिच्यासाठी लोक दरमहा पैसे मोजतात, भागीदाऱ्या करतात आणि त्यावरून भांडतातही.

सर्च इंजिनात एखादी साइट वर यायची तर दुसऱ्या साइट्सवरून तिच्याकडे येणाऱ्या लिंका लागतात. त्या रीतसर मिळवायला वेळ जातो, ओळखी लागतात, आणि मुळात कुणी लिंक द्यावी असं काही लिहावं लागतं. म्हणून सॉफ्टवेअरच्या हाती यादी द्यायची: या पत्त्यांवर जा, जिथं लिहू देतील तिथं लिही, आपली लिंक ठेवून ये. गूगलच्या स्पॅम धोरणानुसार असं स्वयंचलित लिंक बनवणं हा सरळ नियमभंग आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरीही ही यादी कशी सांभाळली जाते ते पाहण्यासारखं आहे. मेहनत तिथं आहे, आणि गोमही तिथंच आहे.

थोडं मागे जाऊ. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँक मांडला, म्हणजे पानाकडे येणाऱ्या लिंकांवरून त्याचं वजन ठरवायची रीत. त्यात एका पानाचं वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांमध्ये वाटलं जातं. दहा लिंका असतील तर प्रत्येकीला एक दशांश, हजार असतील तर एक सहस्रांश. वरून ०.८५ चा गुणक, म्हणजे तेवढंही पूर्ण हाती पडत नाही. हा भागाकार ध्यानात असू द्या.

(पडद्यावर: चार फोल्डर.)

आता यादी तयार कशी होते? बहुतेक वेबसाइट्स कुठल्या ना कुठल्या तयार प्रणालीवर चालतात, आणि प्रत्येक प्रणाली आपली खूण मागे ठेवते. तळाशी ‘पॉवर्ड बाय’ अशी ओळ, पत्त्यात ठरावीक शब्द, नोंदणीच्या पानावर तीच ती वाक्यं. या खुणांना फूटप्रिंट म्हणतात. सॉफ्टवेअर त्या सर्च इंजिनात शोधतं आणि सापडलेले पत्ते साठवतं. जीएसए सर्च इंजिन रँकर हे या कामातलं मुरलेलं सॉफ्टवेअर. त्याचे फोल्डर चार: आयडेंटिफाइड, सबमिटेड, व्हेरिफाइड आणि फेल्ड. आत प्रत्येक प्रणालीची वेगळी टेक्स्ट फाइल.

यातली एकच ओळ घेऊ. एका छोट्या गटानं कधीकाळी सुरू केलेला विकी, म्हणजे वाचकांनाच पानं लिहिता-बदलता येतील अशी साइट. गट पांगला, पण सर्व्हर चालू राहिला आणि नवीन खातं उघडायची मुभाही तशीच राहिली. सॉफ्टवेअर पान उघडतं, त्याचा सोर्स वाचतं, हा मीडियाविकी, म्हणजे विकी चालवायची एक प्रणाली, आहे असं ओळखतं. ओळ आयडेंटिफाइडमध्ये जाते. मग नोंदणीचा फॉर्म. नाव, पासवर्ड, ईमेल आणि कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं. कॅप्चा सुटला तर खातं उघडतं, ईमेलमधली लिंक उघडून ते पक्कं होतं, नवीन पान तयार होतं आणि त्यात एक लेख पडतो. लेख म्हणजे समानार्थी शब्दांची आलटापालट करून पाडलेला मजकूर. तो वाचवत नाही, आणि वाचण्यासाठी लिहिलेलाही नसतो. मध्ये कुठंतरी दोन शब्दांवर लिंक. ओळ सबमिटेडमध्ये. काही वेळानं सॉफ्टवेअर पुन्हा येऊन बघतं, लिंक आहे का? आहे. ओळ व्हेरिफाइडमध्ये.

व्हेरिफाइडची ही एक ओळ मिळवायला प्रॉक्सी (आपला खरा पत्ता झाकणारे मधले सर्व्हर), कॅप्चा सोडवण्याची सेवा, ईमेल खाती आणि मशीनचे तास, सगळं खर्ची पडतं. शोधलेल्या पत्त्यांपैकी बहुतेक इथवर पोचतच नाहीत. म्हणून पाचसहा जण एकत्र येतात. प्रत्येकानं आपापले व्हेरिफाइड पत्ते एका जागी टाकायचे, सगळ्यांनी वापरायचे. हिशोब बिनतोड वाटतो.

पहिली कटकट अगदी मामुली असते. फोल्डर ड्रॉपबॉक्सवर ठेवतात आणि सगळ्यांची मशीनं त्याच फोल्डरमध्ये लिहू लागतात. दोन मशीनांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली की ड्रॉपबॉक्स कुणाचंच काम पुसत नाही, ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं नाव जोडून दुसरी फाइल करून ठेवतो. थोड्याच दिवसांत फोल्डर अशा प्रतींनी भरतो, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाची फाइल वाचत बसतं. यावर उपाय एकच टिकतो: लिहिणारं मशीन एक, बाकीची फक्त वाचणारी. ज्यानं त्यानं आपला माल स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकायचा, एका मशीननं तो गोळा करून, चाळून मुख्य यादीत मिसळायचा.

चाळणं म्हणजे डुप्लिकेट काढणं, असं ऐकायला सोपं. एकच साइट चार रूपांत येते: एचटीटीपीनं, एचटीटीपीएसनं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. ती एक करायला हवी. जिथं खातं उघडायचं आहे, त्या विकी किंवा लेखांच्या साइटची एकच ओळ पुरे. पण ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांत लिंक टाकायची असेल तर त्या यादीत प्रत्येक पान वेगळं लक्ष्य असतं. तिथं डोमेननुसार, म्हणजे साइटच्या मुख्य नावानुसार, गाळलं तर चालू यादीतला मोठा हिस्सा एका क्लिकमध्ये जातो. सबडोमेनचं, म्हणजे मुख्य नावाच्या आधी आणखी एक नाव जोडलेल्या पत्त्यांचं, आणखी वेगळं. फुकट होस्टिंगवर एका डोमेनखाली हजारो माणसांच्या स्वतंत्र साइट्स असतात. कुठला पत्ता स्वतंत्र धरायचा यासाठी मोझिलाच्या पुढाकारानं सुरू झालेली पब्लिक सफिक्स लिस्ट आहे. ती न बघता शेवटचे दोन तुकडे म्हणजे डोमेन असं धरणाऱ्या स्क्रिप्टा आजही सर्रास चालतात.

आणि मेलेल्या ओळी? इथं घाई नडते. सर्व्हरनं उत्तरात ४१० हा कोड दिला तर पान कायमचं गेलं. ४०४ दिलं तर बहुधा गेलं. ५०३ म्हणजे सध्या बंद, पुन्हा बघा. ४२९ म्हणजे फार भराभर येताय. ४०३ म्हणजे तुम्हाला मनाई, आणि ती साइटवर लिहिण्याला आहे की तुमच्या बदनाम झालेल्या प्रॉक्सीला, हे कोड सांगत नाही. एका सभासदाच्या प्रॉक्सी भिकार निघाल्या म्हणून त्याच्याकडे फसलेला पत्ता सगळ्यांच्या यादीतून उडवायचा का? जाणते लोक उडवत नाहीत. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या मशीनांवरून लागोपाठ अपयश आलं तरच ओळ बाजूला काढतात. त्यासाठी नुसती टेक्स्ट फाइल अपुरी पडते. प्रणाली कोणती, शेवटची खात्री कधी झाली, लिंक नोफॉलो आहे का (म्हणजे ‘ही मोजू नका’ अशी सर्च इंजिनासाठीची खूण तिच्यावर आहे का), पानावर बाहेरच्या लिंका किती, ओळ कुणी आणली, एवढं टिपणारं एखादं टेबल लागतं.

हे करायचं कुणी, यावर गाडी अडते. सामाईक विहिरीचं पाणी सगळे भरतात, गाळ काढायच्या दिवशी मात्र कुणाला सवड नसते. त्यातून असा सभासद हमखास निघतो जो आपले ताजे पत्ते स्वतःकडे ठेवतो आणि वापरून चोथा झालेले गटात टाकतो. त्याला दोष द्यावा का? मला नाही वाटत. गणितच त्याच्या बाजूचं आहे.

(पडद्यावर: तो विकी. ‘अलीकडील बदल’ हे पान.)

आपल्या विकीकडे परत येऊ. यादी वाटली गेली. जे एकानं केलं ते आता सगळ्यांची मशीनं करतात, मग ती यादी विकत घेणारे करतात. ‘अलीकडील बदल’मध्ये माणसाचं एकही संपादन उरलेलं नाही, पानांमागून पानं नुसती लिंकांची. सुरुवातीचा भागाकार इथं लागू होतो. शिवाय एक यादी वापरणाऱ्या सगळ्या साइट्सना लिंका मिळतात त्याच त्या ठिकाणांहून, त्यामुळे सर्च इंजिनाला त्यातली एक साइट सापडली की तिच्या शेजारच्यांपर्यंत पोचणं सोपं जातं.

सर्च इंजिनंही हातावर हात धरून बसली नव्हती. जानेवारी २००५ मध्ये नोफॉलो आलं. २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं पेंग्विन हा लिंकांच्या स्पॅमविरुद्धचा बदल आणला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं तेव्हा सांगितलं होतं. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग झाला आणि बहुतेकदा अशा लिंका शिक्षा न करता नुसत्या निकामी करू लागला. डिसेंबर २०२२ पासून हेच काम स्पॅमब्रेन नावाच्या प्रणालीकडेही आहे. निकामी लिंकेची पंचाईत अशी, की ती पानावर दिसते, सॉफ्टवेअर तिला व्हेरिफाइड म्हणतं, आणि तिचा उपयोग शून्य असतो. यादीच्या टेबलात हा रकाना कुणालाच भरता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूची फाइल.

(पडद्यावर: तशीच टेक्स्ट फाइल, पण ओळींत चिन्हांची गर्दी.)

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या मेटा-विकीवर, म्हणजे त्यांच्या सगळ्या विकींच्या सामाईक कामाच्या विकीवर, स्पॅम ब्लॅकलिस्ट आहे. तीही एका ओळीत एक अशीच. प्रत्येक ओळ म्हणजे पत्त्याचा एक नमुना. त्यात बसणारी लिंक कुणी घातली तर बदल जतनच होत नाही. मेटावरची एक ओळ विकिमीडियाच्या सगळ्या विकींना लागू होते, आणि बाहेरचे मीडियाविकी चालकही ती वापरू शकतात. २००५ मध्ये सुरू झालेली अकिस्मेट ही स्पॅम गाळणारी सेवा प्रतिक्रियांच्या बाबतीत हेच करते: एका साइटवर पकडलेल्या स्पॅमचा धडा सगळ्यांच्या कामी येतो. दोन्ही बाजूंनी याद्या वाटल्या जातात. स्पॅम अडवणाऱ्यांची यादी जितक्या हातांत जाईल तितकी धार चढते, लिंका टाकणाऱ्यांची तितकीच विरत जाते.

आणि एक तिसरी फाइल आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलनं डिसअव्हाउ टूल दिलं: ज्या लिंका आपल्या मानू नयेत, त्यांचे पत्ते कळवायची सोय. साइटवर मॅन्युअल कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या शिक्षेची, नोटीस आली की आधी लिंका काढून घ्यायची खटपट करायची, आणि ज्या निघत नाहीत त्यांची ही फाइल भरायची. ती भरायची कशावरून? कुठं कुठं लिंका टाकल्या याची सगळ्यात पूर्ण नोंद असते जुन्या व्हेरिफाइड फोल्डरमध्ये. जो गट यादी नीट सांभाळत होता त्याचं काम तासाभरात उरकतं: प्रत्येक ओळीतून डोमेन काढायचं, त्याच्या आधी इंग्रजीत ‘डोमेन’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं लावायची, फाइल चढवायची. मर्यादा १ लाख ओळींची, आकार २ एमबीपर्यंत. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, कारण गूगलला ती सगळी पानं पुन्हा एकदा वाचावी लागतात.