काळा चष्मा नंतर आला

या या, मागच्यांनी पुढं या, पहिल्या दोन रांगा मोकळ्या सोडायला इथं कुणी मंत्री येणार नाहीये. तर विषय छापलाय 'रॉय ऑर्बिसनच्या गाण्यांची रचना', म्हणजे तो जुना अमेरिकन गायक, आणि समोर ठेवलाय त्याचा १९६२ चा अल्बम, 'क्राइंग'. म्हणजे नावापासूनच रडारड. रचनेकडे येतोच मी, पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे ते सांगून टाकतो, नाहीतर डोकं शांत राहणार नाही.

दोनेक वर्षांपूर्वी जुन्या इंग्रजी गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो, नाव नाही घेत. निवेदकांनी आवाज खाली आणला, मागं कुणीतरी कीबोर्डवर ते ठरलेलं करुण वाजवायला लागलं, आणि हे सुरू, की ऑर्बिसनची बायको अपघातात गेली, दोन मुलं आगीत गेली, आणि त्या अंध कलावंताच्या तोंडून 'क्राइंग' हे गाणं बाहेर पडलं. शेजारच्या काकूंनी रुमाल काढला. मी हात वर केला. 'प्रश्न शेवटी' म्हणाले. शेवटी बटाटेवडे आले, आता वड्यांपुढे माझं कोण ऐकतंय!

अहो, आंधळा नव्हता हो तो! नजर अधू होती, लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. १९६३ मध्ये, बीटल्सबरोबर ब्रिटनचा दौरा केला त्या सुमाराला, नेहमीचा चष्मा विमानात विसरला, जवळ नंबरचा काळा होता, तोच घालून स्टेजवर गेला आणि तेच त्याचं रूप होऊन बसलं. म्हणजे हा अल्बम आला तेव्हा काळा चष्मा नव्हताच. आणि बायको, क्लॉडेट, गेली १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात, घराच्या आगीत मुलं गेली १९६८ मध्ये. 'क्राइंग' हे गाणं १९६१ चं! पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला, घरात लहान पोर, असा हा टेक्ससचा माणूस. गीतकार जो मेल्सनच्या जोडीनं बसून गाणी रचायचा, आपण हिशेब लिहायला बसतो तसा. दुःख नंतर आलं आणि गाणी आधी झाली, पण आपल्याला भोगल्याशिवाय गाता येतं हे पटतच नाही, कलावंत म्हटला की त्याच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असावंच लागतं.

बरं, सुरुवात कशी, तर १९५६ मध्ये सन ह्या रेकॉर्ड कंपनीत 'ऊबी डूबी' असलं नाचरं रॉक अँड रोल. त्यात हा तसा अवघडलेलाच. मग नॅशव्हिलला मॉन्युमेंट रेकॉर्ड कंपनीचा निर्माता फ्रेड फॉस्टर भेटला. 'रनिंग स्केअर्ड'च्या रेकॉर्डिंगला एवढे वादक, व्हायोलिनं वगैरे, की ह्याचा आवाज ऐकूच येईना. फॉस्टरनं काय करावं? कोट टांगायचे स्टँड आणले, कोपऱ्यात ह्याच्याभोवती उभे केले आणि म्हणाला आता गा. डोळ्यापुढे आणा, पुढं अख्खा ताफा आणि कपड्यांच्या आडोशाला हा एकटा, आपल्याकडे ट्रायल रूममध्ये उभं करतात तसा. दोन टेक मनासारखे झाले नाहीत. तिसऱ्याला शेवटचा वरचा सूर खोट्या आवाजात न घेता सरळ छातीतून लावला, आणि वादक वाजवायचेच थांबले.

हो हो, चिठ्ठी पाहिली. पाच मिनिटं. बघा, वड्यांनी इथंही घात केला.

तर रचना, भराभर सांगतो. आपलं गाणं मुखड्यावर परत येतं, कितीही लांब गेलं तरी समेला घरी. 'रनिंग स्केअर्ड'ला मुखडाच नाही! नुसती गिटार, बोलेरोचा, म्हणजे एका स्पॅनिश नाचाचा, ठेका, मग एकेक वाद्य मिळत जातं, गाणं जिना चढावा तसं चढत जातं, खाली येणं नाही, आणि सव्वादोन मिनिटांच्या आत वरच्या पायरीवर संपून जातं. त्याला भीती असते की तिचा जुना प्रियकर परत येईल. येतो. आणि ती ह्याच्याबरोबर निघून जाते. विरहाच्या गाण्यात माणूस जिंकतो!

'क्राइंग'मध्ये नेमकं उलट. बराच सावरलेला असतो, ती भेटते, हात घट्ट धरते, निरोप घेते, संपलं, मग आवाज वर वर. हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं आणि अडलं, कारण पहिल्यावर होतं रे चार्ल्सचं 'हिट द रोड जॅक'. इकडे हा रडतोय, तिकडे बाई नवऱ्याला हाकलतेय.

'लव्ह हर्ट्स' राहिलं, एव्हर्ली बंधूंनी आधी गायलेलं, ते पुढच्या वेळी. 'डान्स' भरतीचं आहे, नाही ऐकलं तरी चालेल. पण क्रम बघा, पहिलं गाणं 'क्राइंग', बारावं 'रनिंग स्केअर्ड'. ती सोडून गेली इथून सुरुवात, ती बरोबर आली इथं शेवट, तबकडी उलटीच चालते, आणि हे मुद्दाम केलं असेल-नसेल, मला त्याचं काही नाही, मला ते आवडतं.

चला, दुसऱ्या बाजूचं शेवटचं लावतो. शेवटच्या सुराला कृपा करून खुर्च्या सरकवू नका.