उसाचे बेणे आणि मेंडेलचा वाटाणा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आनुवंशिकता आणि विविधता या विषयाची सुरुवात बहुधा मेंडेलच्या वाटाण्यापासून होते. मीही तिथवर येणार आहे. पण कोल्हापुरात हा विषय मांडायचा तर आधी उसाच्या रानात शिरले पाहिजे, कारण आनुवंशिकतेविषयीचा आपला सर्वांत पक्का गैरसमज तिथेच जोपासला गेला आहे. ‘बेणे उतरले’, ‘वाण थकला’, म्हणजे लावणीसाठी ठेवलेला ऊस वर्षागणिक आपोआप निकस होत गेला, असे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकलेले असेल. वाण थकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या परिचयाचा को ८६०३२ घ्या. को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांच्या संकरातून जी रोपे उगवली, त्यांतील एका रोपाची निवड झाली आणि आज शिवारोशिवार दिसणारा हा ऊस म्हणजे त्या एकाच रोपाचे तुकडे आहेत. दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे कोंब फुटणारा उसाचा तुकडा, लावताना आपण बी पेरत नसतो, जुनेच झाड पुढे वाढवत असतो. डोळ्यातील पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील सर्व गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांची, नक्कल होते आणि दोन्ही नव्या पेशींना संपूर्ण संच मिळतो. नकलेत क्वचित चूक होते, तिला उत्परिवर्तन म्हणतात. परंतु एका डोळ्यातल्या एका पेशीत झालेली चूक सबंध गावाचा ऊस दोन हंगामांत बारीक करू शकत नाही.

मग ऊस बारीक होतो तो कशाने? काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंनी एका विक्रेत्याकडून ‘सुधारित’ म्हणून बेणे आणले. लावण बरी उगवली, पण बांधणीच्या सुमारास काही बेटे वेगळीच दिसू लागली. शेजारच्या बेटात जाडजूड ऊस उभे होते आणि या बेटांत पांढरट, गवताच्या पात्यांसारखे बारीक फुटवे दाटीने आले होते. एकाही फुटव्याला गाळपायोग्य कांडी धरली नव्हती. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या पिकात, अशा बेटांची संख्या आणखी वाढली. विक्रेत्याला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “रान बदललं की वाण बदलतोय, दादा.” भोवतीच्या जाणत्या मंडळींनीही माना डोलावल्या. माझी तक्रार त्या विक्रेत्यापेक्षा या उत्तराविषयी अधिक आहे, कारण ते एकदा मान्य केले की रोगट खोडव्यातून बेणे तोडणाऱ्याला कोणीच जाब विचारत नाही.

तो गवताळ वाढीचा रोग होता. अन्न वाहून नेणाऱ्या उतींत राहणारा फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव तो घडवतो आणि बेण्याबरोबर एका रानातून दुसऱ्या रानात जातो. जनुके, म्हणजे गुणसूत्रांवरील गुण ठरवणारे घटक, जशीच्या तशी असतात, टिपरीतून बिऱ्हाड हलवतो तो रोग. म्हणून बेण्यावर दमट उष्ण हवेची प्रक्रिया करतात आणि मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणेमळा सांभाळतात. ही सारी खटपट निरोगी बेण्यासाठी असते. तिने आनुवंशिक गुण बदलत नाहीत.

आता एक प्रश्न विचारतो. एकाच वाणाचा, पंचगंगेकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, रानातला जाड ऊस आणि माळावरच्या मुरमाड जमिनीतला बारीक ऊस समोर ठेवला, तर बेणे कोणते घ्याल? जाड, असेच सगळे म्हणतील आणि ते योग्यही आहे, कारण भरदार टिपरीत कोंबासाठी अन्न व ओलावा अधिक असतो. मात्र बारीक ऊस निरोगी असेल, तर चांगल्या रानात त्याचाही पुन्हा जाड ऊस होईल. डेन्मार्कच्या योहान्सनने १९०३ साली घेवड्याच्या बियांवर हेच दाखवले होते. एकाच शुद्ध वंशातील, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या एकसारख्या, मोठ्या आणि लहान बिया वेगवेगळ्या पेरल्या, तरी त्यांच्या संततीचे सरासरी वजन सारखेच आले. परिस्थितीने घडवलेला फरक पुढच्या पिढीत उतरला नाही. जनुकासाठीचा ‘जीन’ हा शब्द त्याच संशोधकाने १९०९ साली रूढ केला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मेंडेल थोडक्यात सांगतो. १८६५ साली ब्रनो येथे त्याने आपले प्रयोग वाचून दाखवले. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. एका पिढीत दिसेनासा झालेला गुण नष्ट झालेला नव्हता. प्रत्येक रोपात त्या गुणाच्या दोन प्रती असतात, परागकणात किंवा बीजांडात त्यांपैकी एकच जाते आणि फलनानंतर जोडी पुन्हा जुळते. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च घडवणारे एक विकर (एन्झाइम) निकामी असते. त्यामुळे साखर अधिक उरते, दाणा पाणी अधिक धरतो आणि वाळताना आक्रसतो.

विविधता येते ती या फेरजुळणीतून. माणसाच्या २३ जोड्यांमधून एकेक गुणसूत्र निवडण्याचेच ८३,८८,६०८ प्रकार होतात आणि जोडीतील गुणसूत्रे आपसात तुकडे बदलतात ते निराळेच. उसात ही फेरजुळणी तुऱ्यात, म्हणजे फुलोऱ्यात, होते. आपण तुरा म्हणजे नुकसान समजतो, पण कोइमतूरला १९१२ साली ऊसपैदास केंद्र निघाले ते तुऱ्याच्याच भरवशावर. तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर कांस या रानगवताशी केला आणि त्यातून १९१८ साली को २०५ हा वाण शेतात आला.

अशा संकरांमुळे आजच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे आहेत आणि एकेका जनुकाच्या दोन नव्हे, अनेक प्रती आहेत. मेंडेलचे तीनास एक हे साधे गणित तिथे सहसा जुळत नाही. दोन उत्तम वाणांच्या संकरातूनही बहुतेक रोपे आईबापांपेक्षा हिणकस निघतात. म्हणून पैदासकार हजारो रोपे लावतो, वर्षानुवर्षे पारखतो आणि हाती लागलेले एखादे रोप टिपरीने वाढवतो, कारण त्याचे बी धरले तर तो जुळून आलेला संच पुन्हा विस्कटेल.